गप्पी माशाचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. माशाच्या कुळाविषयी मात्र त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही; म्हणून ते विचारण्याचे धाडस मी या लेखात करणार आहे. मासाही असा निवडला आहे की, त्याच्या भेटीसाठी वाचकांना समुद्रावर जावे लागू नये. आमच्या नगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणावयाचे) आरोग्यखात्याचा माणूस ज्या गावी फिरकला आहे, तेथील एखाद्या हौदात किंवा पडक्या विहिरीत तो बहुधा सापडतो. त्याचे नाव गप्पी.

मी ज्या गावात शिक्षक आहे ते संगमनेर तालुक्याच्या पठार भागात आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, आणि जे पाणी मिळते ते पिंप, टाकी, हौद, सापडेल त्यात साठवून ठेवावे लागते. साठलेले पाणी म्हटले की डास आले, आणि डास आले की ताप आला. म्हणून आरोग्यसेवक प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे घेऊन येतो आणि हौदात सोडतो. मासे डासांच्या अळ्या खातात. भिंतीवर ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असे रंगवलेले असते. सारखी तोंडाची उघडझाप करतो म्हणून तो गप्पी, अशी आमच्या गावाची व्युत्पत्ती आहे. मी मराठीचा शिक्षक; मलाही ती बरेच दिवस पटली होती!

खरी हकीगत निराळी आहे. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे एक गृहस्थ राहत होते. शंखशिंपले आणि खडक गोळा करण्याचा त्यांना नाद होता. पुढे ते त्या बेटावरील शाळांचे मुख्य निरीक्षक झाले, आणि हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटू लागली. शाळातपासनीस म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे मासे पकडणारा मनुष्य पूर्वी कधी उभा राहिला नव्हता. त्यांनी तेथील ओढ्यातले हे छोटे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविले, आणि तेथील मत्स्यतज्ज्ञ ग्युंथर यांनी 1866 साली त्या माशाला गप्पींचे नाव दिले. वास्तविक याच माशाचे बारसे बर्लिनच्या पीटर्स यांनी 1859 मध्येच व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून केले होते. शास्त्राच्या पोथीत पीटर्स यांचेच नाव टिकले; लोकांच्या तोंडी गप्पी राहिले.

या दोन सनांची एक गंमत आहे. 1859 हे डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाचे साल, आणि 1866 हे ग्रेगर मेंडेल या पाद्र्याच्या वाटाण्यावरील निबंधाचे साल. पहिला ग्रंथ जगभर गाजला. दुसरा निबंध 1900 सालापर्यंत जवळजवळ कोणी वाचला नाही. प्राणिमात्र बदलतात कसे आणि आईबापांचे गुण लेकरांत उतरतात कसे, हे दोन प्रश्न ज्या वर्षांत छापून निघाले, त्याच वर्षांत हा चिमुकला मासा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. पुढे या दोन्ही प्रश्नांच्या कामी तो साक्षीदार म्हणून उभा राहणार होता. आपल्या देशात तो आला 1910 च्या सुमारास, डासांचा वैरी म्हणून.

मला मात्र तो भेटला तो माझ्या एका चुकीमुळे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

पंधरा वर्षे होऊन गेली. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या बापाचा लौकिक चांगला नव्हता; दारूपायी घर बुडाले होते आणि एकदोनदा चोरीच्या आळावरून पोलिसही दारी येऊन गेले होते. एके दिवशी वर्गातली रंगीत खडूंची पेटी नाहीशी झाली आणि ती या मुलाच्या दप्तरात सापडली. मी त्याला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. मी भर वर्गात म्हणालो, “खाण तशी माती!” चाळीस मुले हसली. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. कांद्याच्या चाळीवर रोजाने जाणारी बाई. पदर सावरून दारातच उभी राहिली. आवाज न चढविता तिने एवढेच विचारले, “गुर्जी, पोराला बाप हाये, तशी आईबी हाये न्हवं? का माझं कायच न्हाई त्याच्यात?”

मला उत्तर देता आले नाही. म्हणीला उलट प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून म्हणी सुखाने जगतात. तिने माझ्या म्हणीला प्रश्न विचारला होता.

प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी त्या मुलाला वर्गातले एक काम सोपविले. आरोग्यसेवकाकडून मागून घेतलेले काही गप्पी लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवले होते. त्यांचे पाणी बदलायचे आणि त्यांना पिठाच्या बारीक गोळ्या घालायच्या. मुलगा अबोल होता, पण नजरेचा तल्लख. गप्पीची मादी मोठी, मातकट, अगदी कोरी. नर तिच्या निम्मा, पण अंगावर नाना रंग, आणि दोन नर एकसारखे नाहीत. मादी अंडी घालीत नाही, साधारण महिन्याने जिवंत पिले देते. आमच्या बरणीत एक नर होता, त्याच्या शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका आणि शेपटीच्या कडेला नारिंगी पट्टी होती. मुलाने त्याचे नाव ठिपक्या ठेवले. “गुर्जी,” तो एकदा म्हणाला, “ठिपक्याच्या पोरांनाबी ठिपका येतोय का, बघायचं का?”

आम्ही पाहू लागलो आणि पहिल्याच फेरीला फसलो. ठिपक्याजवळ ठेवलेल्या माद्यांना पिले झाली, त्यांत काहींना ठिपका, काहींना पट्टे, काहींना काहीच नाही. सगळा खिचडा! पुढे वाचनात आले की, गप्पीची मादी नराचे बीज कित्येक महिने पोटात सांभाळून ठेवू शकते; हौदातून आणलेल्या माद्यांनी हौदातलेच संसार बरोबर आणले होते. मग आम्ही माद्यांची पिले चार आठवड्यांची होण्याआधीच वेगळी काढू लागलो. त्या वयात नराच्या पोटाखालचा पर टोकदार होऊ लागतो आणि मुलगा-मुलगी ओळखता येते. बरण्या वाढल्या. माझ्या घरातले लोणचे पातेल्यात गेले. सौभाग्यवतींनी त्यावर जे भाष्य केले ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखे नाही.

एक वर्ष गेले. मुलाने वहीत रेघा ओढून हिशेब ठेवला होता. ठिपक्याचे जेवढे मुलगे झाले तेवढ्यांना, एकालाही न वगळता, त्याच जागी काळा ठिपका. मुली सगळ्या कोऱ्या. त्या मुली आम्ही दुसऱ्या एका साध्या नराबरोबर ठेवल्या. त्यांच्या मुलग्यांत ठिपका एकालाही नाही. ठिपका बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जात होता. मुलीच्या दारात तो पाऊल टाकीत नव्हता.

सांगावयास संकोच वाटतो, पण त्या दिवशी मला मनातून बरे वाटले. ‘खाण तशी माती’ शेवटी खरी ठरली, असे ते वाटणे होते.

हाच शोध आमच्या आधी एका फार मोठ्या माणसाने लावून ठेवलेला आहे, हे मला नंतर कळले. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात कार्ल्सबर्ग नावाचा बिअरचा कारखाना होता. त्याच्या मालकाने 1875 साली कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा काढली. तेथे योहानेस श्मिट नावाचे शास्त्रज्ञ होते. युरोपच्या नद्यांतील वामसदृश ईल मासे अंडी घालण्यास जातात कोठे, या एका प्रश्नापायी त्यांनी अटलांटिक महासागर वर्षानुवर्षे चाळून काढला. समुद्र चाळणाऱ्या याच माणसाने घरी काचेच्या भांड्यांत गप्पी पाळले, आणि 1920 साली प्रसिद्ध केले की, पाठीच्या परावरचा एक काळा ठिपका केवळ बापाकडून मुलाकडे जातो.

असे का, हे त्यांचे सहकारी ओइविंड विंगे यांनी 1922 मध्ये उलगडून दाखविले. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. गप्पीत त्या तेवीस आहेत, माणसातही तेवीसच. त्यांतील एक जोडी नर की मादी हे ठरविते. मादीत त्या जोडीची दोन्ही गुणसूत्रे एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. वाय बापाकडून फक्त मुलाला मिळते. ठिपक्याचे बीज या वायवर बसलेले आहे. मग ते मुलीला मिळणार कसे? आडनावासारखाच हा प्रकार. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की आडनाव मागे राहते, तसा ठिपका मागे राहतो. जपानमध्ये क्योटो येथे आइदा तात्सुओ यांनी 1921 साली भातखाचरांतील मेदाका माशांवर असेच दाखविले होते. जगाच्या दोन टोकांना दोन निरनिराळे मासे एकच साक्ष देत होते.

येथे ही कथा संपली असती, तर ती त्या बाईंच्या विरुद्ध गेली असती. पण आमच्या वहीत एक कोडे शिल्लक होते. ठिपक्याच्या शेपटीची नारिंगी पट्टी कोठे गेली? त्याच्या एकाही मुलग्याला ती नव्हती. मुली तर कोऱ्याच. पट्टी संपली, असे समजून मी ते पान उलटले होते. एके दिवशी सकाळी मुलगा धावत आला. ठिपक्याच्या मुलींना त्या साध्या नरापासून झालेले मुलगे मोठे होत होते, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या शेपटीला नारिंगी पट्टी उमटली होती. त्यांच्या बापाला ती नव्हती. आईला तर कसलाच रंग नव्हता. “गुर्जी,” तो म्हणाला, “आजाची हाये ती. आईतून आली.”

विंगे यांनी त्याचेही उत्तर देऊन ठेवले होते. गप्पीचे सगळेच रंग वायवर नसतात. काहींची बीजे एक्सवर असतात. बाप आपला एक्स मुलाला देत नाही, फक्त मुलीला देतो. मुलगी तो रंग अंगावर दाखवीत नाही, पण पोटात जपते आणि आपल्या निम्म्या मुलग्यांना देते. पुढे संशोधकांनी कोऱ्या माद्यांना नराचे संप्रेरक देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या मातकट अंगावर हे झाकलेले रंग खरोखरीच उमटले. ज्या मादीला आपण कोरी म्हणतो ती कोरी नसतेच. तिची पेटी कुलूपबंद असते, इतकेच.

गप्पीच्या मादीने शास्त्रज्ञांना याहून मोठा धक्काही दिला आहे. हेलन स्परवे या इंग्रज विदुषीने 1953 मध्ये लिहिले की, नरापासून दूर वाढविलेल्या काही माद्यांनी पिले दिली. साठविलेल्या बीजाची शंका तिला अर्थातच ठाऊक होती. म्हणून तिने अशा माद्या पारखून घेतल्या. हीच स्परवे 1957 साली आपले पती जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासह भारतात येऊन राहिली आणि 1978 मध्ये हैदराबादला वारली. इंग्लंडमधील मानमरातब सोडून आलेल्या या जोडप्याला भारतातील साध्या जिवांचे, घराभोवती सापडणाऱ्या प्राण्यांचे निरीक्षण करण्यात अपार गोडी होती. लोणच्याच्या बरण्या त्यांना नक्कीच आवडल्या असत्या.

आता वाचक विचारतील, मग दुकानात दिसणारे ते मोठ्या झुबकेदार शेपटीचे, निळेजांभळे गप्पी कोठून आले? ते हौदातल्या गप्पीचेच भाऊबंद आहेत. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड केली, एवढाच फरक. हा खेळ फार जुना आहे. शाळेच्या सहलीबरोबर मी लहानपणी मुंबईला गेलो, तेव्हा तारापोरवाला मत्स्यालयात काचेपुढून मला ओढून न्यावे लागले होते. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेली ती वास्तू. रंगीत मासा म्हणजे काय हे माझ्यासारख्या कित्येक खेडवळ मुलांना तिने दाखविले. शोभेच्या माशांतला राजा म्हणजे सुवर्णमासा. चीनमध्ये एक हजार वर्षांपूर्वी, सुंग राजांच्या काळात, राखी रंगाच्या साध्या माशांत मधूनच जन्मणारे तांबूस मासे लोक तळ्यांत जपू लागले. पुढे मिंग काळात ते घरातल्या भांड्यांत आले. तळ्यात शत्रू असतो, भांड्यात नसतो. त्यामुळे दोन शेपट्यांचे, फुगीर डोळ्यांचे, पाठीवर परच नसलेले मासेही जगू लागले, आणि माणूस त्यांतूनच पुढची जोडी निवडू लागला.

डार्विनने 1868 सालच्या आपल्या ग्रंथात या माशांची दखल घेतली, पण नियम त्याच्या हाती नव्हता. मेंडेलचा निबंध दोन वर्षांपूर्वी छापलेला असूनही. तो नियम सुवर्णमाशाला लावून दाखविला एका चिनी शास्त्रज्ञानेच. शिसान चेन अमेरिकेत मॉर्गन यांच्या हाताखाली शिकून स्वदेशी परतले आणि 1928 मध्ये त्यांनी दाखविले की, चमकदार खवल्यांचा मासा व पारदर्शक मासा यांची संतती कबरी होते. दोन कबऱ्यांची संतती मात्र चारांत एक चमकदार, दोन कबरी, एक पारदर्शक अशी फुटते. म्हणजे कबऱ्या माशाची निव्वळ कबरी पैदास कधीच करता येणार नाही, कितीही निवडा! दुहेरी शेपटीचे रहस्य तर 2014 साली उकलले. सुवर्णमाशाच्या पूर्वजांत फार पूर्वी सगळी जनुके दुप्पट झाली होती. त्यांतील एका जनुकाची एक प्रत बिघडली, दुसरीने काम सांभाळले, म्हणून मासा मेला नाही, त्याला फक्त दोन शेपट्या फुटल्या. साध्या माशात असा बिघाड जिवावर बेततो.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. संगमनेरी शेळी ही धनगर आणि शेतकरी यांनी डोळ्यांनी पारखून घडविलेली जात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिन्हींचा संगम करून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. मात्र शेळी आणि गाय यांना दुधाची परीक्षा द्यावी लागते. शोभेच्या माशाला फक्त आपल्या डोळ्यांची. म्हणून त्याच्या बाबतीत माणसाची हौस बेलगाम सुटली. झुबकेदार शेपटीच्या गप्पीला धड पोहता येत नाही, आणि फुगीर डोळ्यांचा सुवर्णमासा सुईएवढ्या काटक्यालाही जपतो.

मग रानातल्या गप्पीला रंग कशाला? जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने त्याचे उत्तर गप्पींच्या मूळ गावी, त्रिनिदादच्या ओढ्यांत शोधले. धबधब्याखाली मोठे शिकारी मासे. तेथे गप्पी फिके. धबधब्यावर शिकारी थोडे. तेथे गप्पी रंगीत. 1976 साली एंडलरने सुमारे दोनशे फिके गप्पी खालून उचलून वरच्या एका मोकळ्या ओढ्यात सोडले. दोनच वर्षांत त्यांच्या वंशात रंग वाढलेले दिसले. बीज तेच होते. भय गेले, माद्यांना रंगीत नर आवडतच होते, आणि रंग वर आला.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. नारिंगी पट्टी शेपटीवर कोठे असावी हे बीज ठरविते; पण ती भडक होईल की फिकी, हे बरेचसे अन्नावर असते. त्या रंगातील काही द्रव्य माशाला स्वतः बनविता येत नाही. शेवाळातून मिळवावे लागते. आमच्या मुलाने हे न वाचता ताडले होते. त्याने एक बरणी कोपऱ्यात आणि एक खिडकीशी ठेवली. खिडकीच्या बरणीला हिरवे शेवाळ धरले, आणि तेथल्या नातवांची पट्टी पेटल्यासारखी झाली. कोपऱ्यातल्या त्यांच्याच सख्ख्या भावांची पट्टी मात्र हळदीच्या डागासारखी पुसटच राहिली.

खाण तशी माती, हे मग खोटे आहे काय? नाही. ठिपक्यापुरते ते अक्षरशः खरे आहे. पण मासा म्हणजे ठिपका नव्हे. खाणी दोन असतात, त्यांतील एक दिसत नाही. आणि उजेड कोणत्या बाजूने येतो हे बरणी ठेवणाऱ्याच्या हाती असते. माणूस तर माशाहून कितीतरी गुंतागुंतीचा. चोरीचे बीज कोणत्या सूत्रावर असते हे कोणत्याही विंगेने दाखविलेले नाही. मी मात्र ते एका खडूच्या पेटीवरून भर वर्गात सिद्ध करून मोकळा झालो होतो. शिक्षकाचे काम बरणी खिडकीशी ठेवण्याचे. मी ती कोपऱ्यात ढकलली होती.

वाचकांपैकी कोणाला हा छंद लागला तर एक विनंती. उरलेले मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. गप्पी भराभर वाढतो, आपल्या नद्यांतील लहान माशांचे अन्न आणि पिले खातो. त्याची जागा हौदात.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी खिडकीतली बरणी घेऊन मुलाच्या घरी गेलो. ओट्यावर एकच पणती होती. बाई शेवया वाळत घातलेली खाट सरकवून उठल्या. मी बरणी पणतीशेजारी ठेवली आणि वही उघडून, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, सारे सांगितले: हा आजा, ही त्याची मुलगी, हे तिचे मुलगे. मग म्हणालो, “बाई, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला उशीर झाला. माझं चुकलं होतं.”

त्यांनी पदराने बरणीची काच पुसली आणि बराच वेळ आत पाहिले. नारिंगी नर पणतीच्या उजेडात चमकत होते. पण त्या पाहत होत्या तळाशी संथ फिरणाऱ्या मातकट मादीकडे.

“हीच व्हय त्यांची आई?” त्यांनी विचारले.

“हीच,” मुलगा म्हणाला.